गवत कापायच्या आधी पिवळं फूल नीट बघा: बर्ड्स-फूट ट्रेफॉइल आणि त्याची भावंडं

इंग्लंड-वेल्समधे थोडी जमीन घेऊन मेंढ्या नायतर गाई पाळणाऱ्या आपल्या मंडळींसाठी लिहितेय. जून लागला की कुरणात तुरीच्या फुलासारखी पिवळी फुलं दिसायला लागतात, आणि दरवर्षी गोंधळ ठरलेला, कारण एका झाडाची फुलं लख्ख पिवळी, शेजारच्याची केशरी, कळ्या लालसर, कुठे जमिनीला चिकटून पसरलंय तर उंच गवतात सरळ उभं. हे सगळं एकच बर्ड्स-फूट ट्रेफॉइल असू शकतं, म्हणून रंग आणि उंचीवर अजिबात जाऊ नका.

आधी पान बघा. नाव ट्रेफॉइल, म्हणजे तीन पानांचं, असलं तरी पानाचे भाग पाच असतात, तीन टोकाला आणि दोन पार देठाच्या बुडाशी. तीनच असतील आणि बारीक फुलांचा मटाराएवढा गोंडा असेल तर ते ब्लॅक मेडिक किंवा लेसर ट्रेफॉइल. पानाच्या टोकाला वेलीसारखा तणावा असेल तर मेडो व्हेचलिंग, ते वेगळंच.

आता खरी फसगत होते ती ग्रेटर बर्ड्स-फूटशी, ते ओल्या, पाणथळ जागी येतं. खोड नखाने चिरून बघा. साधं, म्हणजे नेहमीचं बर्ड्स-फूट, असेल तर आत भरीव, ग्रेटर असेल तर पोकळ नळी. पण एवढ्यावर थांबू नका, कारण बियाणं विकत घेऊन पेरलेल्या कुरणात साध्याचाच एक चाऱ्याचा प्रकार येतो, तो दांडगा, उभा आणि त्याचंही खोड पोकळ! मी यातच चुकले होते, नवीन पेरलेल्या कोरड्या उतारावर ग्रेटर आलंय म्हणून पाणी कुठे साचतंय ते शोधत बसले. त्यामुळे न उमललेली कळी हातात घ्या आणि तिच्या बुडाचे हिरवे दात भिंगातून बघा, साध्यात ते कळीला धरून सरळ असतात, ग्रेटरमधे बाहेर फाकलेले. तिसरं भावंड अरुंद पानाचं, चिकणमातीच्या जुन्या गवतात आणि समुद्राकडे सापडतं, पानं जवळजवळ सुईसारखी अरुंद आणि एका गुच्छात फुलं दोन-चारच.

एवढी मेहनत का, तर हा चारा फार गुणाचा आहे. आपल्याकडे ओला लसूणघास जास्त खाल्ला की जनावराचं पोट फुगतं ना, ते याने होत नाही, यातल्या टॅनिनमुळे पोटात फेस धरत नाही. शिवाय मुळांवरच्या गाठी हवेतला नायट्रोजन धरतात, त्यामुळे इथे नायट्रोजन खत टाकू नका, गवत माजतं आणि हे बिचारं सावलीत दबून जातं.

कापणीची घाई करू नका. जुलैच्या मध्यापर्यंत तरी थांबा आणि तारखेपेक्षा शेंगा बघा, पक्ष्याच्या नख्यांसारख्या पसरलेल्या त्या शेंगा तपकिरी व्हायला लागल्या की कापा. कापलेलं लगेच गोळा करू नका, दोन-तीन दिवस उन्हात तिथेच उलटंपालटं करा, वाळलेल्या शेंगा पिळवटून तडतड फुटतात आणि बी तुमच्याच जमिनीत पडतं.