एडीएचडी असताना घर आवरताय? या चुका टाळा

दिवाळी तोंडावर आली की मला घर आवरण्याबद्दल फोन सुरू होतात. आमच्या नागपुरातल्या मनीषनगर, सक्करदरा, त्रिमूर्तीनगर, कुठूनही. प्रश्न ठरलेला: "ताई, डबे कोणते घेऊ?" माझं उत्तरही ठरलेलं: आत्ता एकही डबा घेऊ नका. समोरचा आवाज हिरमुसतो आणि आठवड्याभरात कळतं, गांधीबागेतून बारा डबे घरी आलेत.

मुलाचं एडीएचडीचं, म्हणजे लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं जड जाणाऱ्या विकाराचं निदान झालं, तेव्हा डॉक्टरांनी मलाही तपासून घ्यायला सांगितलं. मी तेव्हा 38 वर्षांची होते. तोवर सासरी-माहेरी "हिच्या हाताला वळणच नाही" हेच ऐकत आले होते. म्हणून चुकांच्या आधी एक सांगते. 2013 साली आलेल्या डीएसएम-5 या मानसिक विकारांच्या निदानाच्या ग्रंथात लक्ष न टिकण्याची नऊ लक्षणं दिली आहेत. लागणाऱ्या वस्तू वारंवार हरवणं हे त्यातलं एक आणि कामांची मांडणी न जमणं हे दुसरं. 17 वर्षांच्या आणि त्यापुढच्या माणसात नवांपैकी पाच असली तरी पुरतात. मात्र त्यातली काही बाराव्या वर्षाच्या आधीपासून असावी लागतात आणि घरीच काय, बाहेरही त्रास व्हावा लागतो. नुसता पसारा म्हणजे एडीएचडी नव्हे. पण ज्यांना आहे, त्यांना आळशी म्हणणं आता तरी थांबवा.

आता डबे. निदानाच्या आदल्या वर्षी मी झाकणाचे चौदा निळे डबे आणले, आतलं न दिसणारे. प्रत्येकावर आकडा टाकला आणि कुठल्या आकड्यात काय, ते एका वहीत लिहिलं. घर इतकं छान दिसायला लागलं की शेजारच्या काकू पाहायला आल्या. जूनमध्ये पाऊस लागला, कुलर बंद झाला, तेव्हा मी पंप काढून, धुऊन-पुसून, अगदी नीट एका डब्यात ठेवला. पुढच्या एप्रिलमध्ये पारा 44 वर गेला. ताट्या बसवल्या, टाकीत पाणी भरलं आणि पंपच सापडेना. वहीसुद्धा सापडेना. मग एकेक डबा उघडत गेले. सहाव्यात मुलाचं बारशाचं झबलं निघालं, ते हातात घेऊन बसून राहिले. नवव्यात लग्नाचे फोटो होते. सगळी दुपार गेली आणि पोर घामाघूम. संध्याकाळी यांनी बर्डीवरून नवा पंप आणला. दिवाळीत सगळं खाली काढलं तेव्हा आमच्या घरात एकूण तीन पंप निघाले.

एखादी गोष्ट काम होईस्तोवर मनात धरून ठेवायची जी ताकद लागते, तिला वर्किंग मेमरी म्हणतात. एडीएचडीत ती अनेकांची तोकडी पडते. झाकण लागलं की वस्तू डोळ्यांसमोरून जाते आणि डोक्यातूनही जाते. शिवाय परत ठेवायची म्हटलं की स्टूल आणा, वरचा डबा उतरवा, खालचा ओढा, झाकण उघडा, मग ठेवा आणि पुन्हा सगळं चढवा. तिसऱ्या पायरीला कुणी हाक मारली की वस्तू टेबलावरच राहते.

आता आमचा पंप कुलरच्याच कोरड्या टाकीत असतो, सुती पिशवीत, आतल्या पाइपाला सुतळीने बांधलेला. जिथे वापरायची, वस्तू तिथेच राहते. घरात कात्र्या तीन आहेत: ओट्यापाशी एक, शिलाई मशीनपाशी एक, मुलाच्या टेबलावर एक. मैत्रिणींना ही उधळपट्टी वाटते, मला ती बचत वाटते. डाळी-पोहे पारदर्शक बरण्यांत. रोजच्या कपड्यांच्या आलमारीची दारं मी सुताराकडून काढूनच घेतली. पाहुण्यांना कपडे दिसतात, दिसू देत. डबे घ्यायचेच असतील तर वस्तूंना जागा मिळून महिनाभर ती टिकली की मग घ्या, तेही उघडे.

दुसरी चूक याहून वाईट: सगळं एकदम बाहेर काढणं. महालातल्या माझ्या एका मैत्रिणीने रविवारी सकाळी दहाला तिन्ही आलमाऱ्या दिवाणावर रिकाम्या केल्या. मी फोनवर म्हटलं, "अवं, एकच खण घे." ती म्हणे, "नाही ताई, एकदाचं काढूनच टाकते न सगळं, मग बसते बरोबर जागेवर." बाराला जुन्या साडीच्या घडीत तिच्या आईचं पत्र सापडलं. दोनला पोरं भुकेली झाली. चारला पाहुण्यांचा फोन आला. संध्याकाळी सगळं चादरींत बांधून मागच्या खोलीत लोटलं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी गेले, तेव्हा पाचही गाठोडी तशीच होती. गाठ सोडली तर सगळं पुन्हा सांडेल, म्हणून ती रोज सकाळी चादरीच्या फटीतून हात घालून ऑफिसचा कुर्ता चाचपून काढायची. "मला जमतच नाही," म्हणून माझ्यापाशी रडली. तिला न जमण्यासारखं त्यात काही नव्हतं. आठ तासांचं काम एका बैठकीला घेतलं होतं.

काढताना हुरूप असतो, कारण काढताना काही ठरवावं लागत नाही. ठेवताना प्रत्येक वस्तूपाशी निर्णय असतो आणि तिथे आपलं डोकं लवकर थकतं. मी परात घेते. एका खणातलं परातीत मावेल तेवढंच काढायचं. परात रिकामी झाली की त्या दिवसाचं काम संपलं. वेळ वीस मिनिटं, हाताने फिरवायच्या टायमरवर. फोनवर अजिबात लावू नका, गजर बंद करायला फोन उचलला की व्हॉट्सअॅप उघडतंच. आणि अंगात जोर असला तरी थांबा. नव्याने सुरू करणाऱ्यांना हे सगळ्यात जड जातं. त्यांना रविवारच्या रविवारी, व्हिडिओत दिसतं तसं घर हवं असतं. त्या व्हिडिओंचा मला मनापासून राग येतो. पुढच्या गुरुवारी ते घर कसं दिसतं, हे कुणी दाखवत नाही.

बाकीच्या चुका थोडक्यात. महत्त्वाचा कागद "जपून" नव्या जागी ठेवू नका, नवी जागा आठवत नाही. आमचं आधार, गॅसचं पुस्तक, गुणपत्रिका, सगळं एकाच लाल फायलीत, खिळ्याला टांगलेलं. मोज्यांच्या, बनियनच्या घड्या घालू नका, टोपलीत टाका. कामाच्या मावशींना "जरा आवरून ठेवा" एवढंच सांगू नका. त्या बिचाऱ्या आपल्या अंदाजाने ठेवतात आणि आपण आठवडाभर शोधत बसतो. एडीएचडीच्या गोळीवर सगळं सोपवू नका. मी डॉक्टरांच्या सल्ल्याने मिथाइलफेनिडेट घेते, त्याने हातातलं काम पुरं होतं, पण चष्मा कुठे ठेवायचा हे मलाच ठरवावं लागतं.

टाकायच्या वस्तूंची पिशवी घरात मुक्कामाला ठेवू नका, ती पुन्हा उघडली जाते. कबाडीवाल्याचा आवाज आला की मी पायात चप्पल घालायच्या आधी पिशवी उचलते. आणि तान्ह्या पोळ्याला, म्हणजे वाईट ते घेऊन जायला सांगत मारबतीचे पुतळे मिरवून जाळतात त्या दिवशी, एक पोतं बाहेर जायलाच हवं असा आमच्या घरी नियम आहे. "घेऊन जा गे मारबत" म्हणत मुलगा स्वतःचं तुटकं-फुटकं त्यात घालतो. एरवी तो एक मोडकी गाडी सोडत नाही.

शेवटची चूक म्हणजे एकटीने आवरायला बसणं. सोबत कुणी नुसतं असलं तरी हात चालतो, हे मी वर्षानुवर्षं पाहते आहे. माझी बहीण अमरावतीला असते. रात्री नऊला आम्ही दोघी फोन स्पीकरवर ठेवतो, ती भाजी निवडते, मी परात घेऊन बसते. फारसं बोलणं होत नाही. मध्येच ती विचारते, "झालं का वं?" आणि मी म्हणते, "दोन वस्तू राहिल्या."