सीसाइडला जाताय? आधी घड्याळ बघा

अटलांटाहून गाडीने फ्लोरिडातल्या सीसाइडला निघाला असाल, तर हॉटेलात टेबल बुक करताना एक लक्षात ठेवा. अटलांटा ईस्टर्न वेळेवर चालतं, सीसाइड सेंट्रलवर, म्हणजे तिथे एक तास मागे. आम्ही गाडीतल्या घड्याळाच्या भरवशावर साडेसातच्या टेबलासाठी तिथल्या साडेसहालाच हजर! मुलं भुकेने रडकुंडीला आलेली, आणि दारातली मुलगी हसून म्हणते, अजून तासभर आहे.

तेव्हापासून आम्ही पाचलाच जेवायला बसतो. सूर्यास्त बघून अख्खं गाव एकदमच हॉटेलांकडे वळतं, त्याआधी आपलं उरकलेलं बरं. मासे खाणाऱ्यांनी ग्रूपर मागवावा, आपल्या हेकरूचाच भाऊबंद. शाकाहारी असाल तर राजमा-भातासारखी दिसणारी डिशही विचारून घ्या, त्यात बऱ्याचदा सॉसेज असतं. दुपारी रस्त्याकडेच्या चंदेरी ट्रेलरांमधल्या खाण्यावर भागतं. भाड्याच्या घरात बहुतेक स्वयंपाकघर असतंच, तेव्हा छोटा कुकर आणि मुगाची डाळ डिकीत टाकाच.

1981 मध्ये पायी फिरण्यासाठीच आखलेलं हे 80 एकरांचं गाव, त्यामुळे गाडी एकदा लावली की विसरा. शेजारच्या गावांना जायला 30ए रस्त्यालगत सायकलवाट आहे.

वाळूचे काही पट्टे खासगी असतात, पाटी वाचूनच चादर पसरा. आणि दोन लाल झेंडे दिसले तर पाण्यात पाऊलही टाकायचं नाही.