पुण्यातल्या टॅपरूममध्ये परमिट रूमच्या सवयी: या चुका टाळा

आमचे सांगलीचे मामा पहिल्यांदा मुंढव्याकडच्या एका ब्रुअरीत आले, जिथे ताजी बीअर नळावरून देतात, तेव्हा मेन्यू उलटा ठेवून म्हणाले, "बाळा, एक स्ट्राँग आण, एकदम चिल्ड. आणि दोन मसाला पापड." पोरगा घुटमळला. नळावर सात बीअर होत्या आणि त्यातल्या एकीचंही नाव 'स्ट्राँग' नव्हतं. शेवटी त्याने आपल्या मनाने हेफवायझन, म्हणजे गव्हाची जर्मन बीअर, आणून ठेवली. मामांनी वास घेतला आणि ग्लास माझ्याकडे सरकवला. "ह्यात केळं पडलंय."

मामांना हसण्याचा मला अधिकार नाही. मीही सुरुवातीची दोन वर्षं तेच करत होतो. परमिट रूमने आपल्याला तीन प्रश्न शिकवलेत: कडक आहे का, थंड आहे का, कितीला पडेल. बाटलीबंद बीअरला हे प्रश्न पुरतात. ब्रुअरीत मात्र याच प्रश्नांमुळे आपण चारशे-पाचशे रुपये मोजून चुकीचा ग्लास मागवतो, किंवा बरोबर ग्लास परत पाठवतो.

'एकदम चिल्ड' मागणे

बर्फगार ग्लासात जीभ बधिर होते आणि वास वर येत नाही. कारखान्यातल्या हलक्या लागरला (बाटलीतली नेहमीची पिवळी बीअर) हे सोयीचं, कारण तिच्यात लपवण्यासारखं फार काही नसलं तरी दाखवण्यासारखंही फार नसतं. गव्हाची बीअर मे महिन्यात थंड हवी, कबूल. पण स्टाउट किंवा पोर्टर या काळ्या बीअर दहा-बारा अंशांना खुलतात. भाजलेल्या माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या धान्याचा) कॉफीसारखा वास तोवर बाहेरच पडत नाही. फ्रीझरमधला ग्लास दिला तर साधा मागा. आणि स्टाउट समोर आली की पाच-दहा मिनिटं नुसती राहू द्या. गप्पा मारा.

ग्लास मोजणे, टक्के न बघणे

"बीअरच तर आहे" हे वाक्य पुण्यात रात्री बारानंतर बऱ्याच जणांना महागात पडतं. हिशोब करून बघा. ५ टक्क्यांच्या अर्ध्या लिटर बीअरमध्ये २५ मिली शुद्ध अल्कोहोल असतं. आपल्याकडच्या ४२.८ टक्के व्हिस्कीच्या ३० मिलीच्या पेगमध्ये ते १३ मिलीच्या आसपास. म्हणजे एक मोठा ग्लास जवळजवळ दोन स्मॉल. तोच ग्लास आयपीए नावाच्या ७ टक्क्यांच्या कडवट बीअरचा असेल तर पावणेतीन. चार पिंट, म्हणजे असेच अर्ध्या लिटरचे चार ग्लास, पिऊन "चारच तर झाल्या" म्हणणारा माणूस खरं तर आठ ते अकरा पेगांवर बसलेला असतो.

मेन्यूवर बीअरच्या नावाखाली बहुतेक वेळा टक्केवारी लिहिलेली असते. किमतीआधी ती वाचा. आणि आधी पोटोबा. रिकाम्या पोटी ७ टक्के म्हणजे संध्याकाळ साडेआठलाच आटोपली.

पहिलाच ग्लास आयपीएचा

आयपीएमध्ये हॉप्स (बीअरला कडू करणारी फुलं) भरपूर, म्हणजे कडवटपणा भरपूर. तो जिभेवर बसला की पुढची विटबिअर (गव्हाची बेल्जियन बीअर) पाण्यासारखी लागते. तिच्यातले धने आणि संत्र्याची साल कुठे गेली तेच कळत नाही. म्हणून हलक्यापासून जडाकडे जा. आधी गव्हाची किंवा सायडर, मग लागर किंवा पेल एल, मग आयपीए, आणि काळ्या बीअर शेवटी.

पूर्ण पिंट मागवण्याआधी छोट्या ग्लासांचा सॅम्पलर घ्या. बऱ्याच ठिकाणी एखादा घोट चाखायलाही देतात, फक्त मागायला लाज वाटता कामा नये. आंबा खाऊन बघितल्याशिवाय पेटी न घेणारी माणसं आपण. इथे मात्र नाव वाचून अर्धा लिटर मागवतो.

चखण्याचंही बघा. ठेचा लावलेलं काहीही आणि आयपीए ही जोडी करू नका. तिखटाने कडू वाढतं, कडूने तिखट. गव्हाच्या बीअरसोबत तळलेली कोळंबी छान जाते. मसाला पापडाला माझी हरकत नाही, पण त्यावरचा चाट मसाला नंतरचे तीन घोट खाऊन टाकतो.

दोष आणि स्वभाव यांत गल्लत

खरी गडबड इथे होते, दोन्ही बाजूंनी. चांगली बीअर परत जाते आणि नासलेली बीअर लोक "छोट्या ब्रुअरीची क्राफ्ट अशीच असते" म्हणून मुकाट पितात.

मामांचं केळं आधी घेऊ. हेफवायझनमध्ये केळ्याचा आणि लवंगेचा वास असतो आणि तो असायलाच हवा. त्यात केळंही घालत नाहीत आणि इसेन्सही नाही. तिचं खास यीस्ट आंबवताना हे वास स्वतः तयार करतं. ती गढूळही असते, कारण गाळलेली नसते. तेव्हा "गढूळ आहे, बदलून द्या" असं गव्हाच्या बीअरला म्हणू नये. पिल्सनर, म्हणजे एक प्रकारची लागर, गढूळ आली तर जरूर विचारावं.

आता खरे दोष. पॉपकॉर्नवरच्या लोण्यासारखा वास आणि जिभेवर तेलकट गुळगुळीतपणा आला, तर बीअर घाईने उतरवलेली आहे. आंबवणं संपत आलं की यीस्ट हा लोणकट वास स्वतःच गिळून टाकतं. त्याला तेवढे दिवस दिले नाहीत की तो तसाच राहतो. नळाच्या न धुतलेल्या पाइपमध्ये जंतू वाढले तरी हाच वास येतो. लागरमध्ये तो लगेच पकडता येतो, कारण लपायला जागा नसते. उकडलेल्या मक्याच्या कणसाचा वास आला तर कढवणं कमी पडलंय. ओल्या पुठ्ठ्यासारखी चव म्हणजे बीअरला हवा लागली किंवा ती जुनी झाली. आणि व्हिनेगर! बीअर जर सावर किंवा गोझं (मुद्दाम आंबट बनवलेली) नसेल आणि तरी नाकात व्हिनेगर चढत असेल, तर पाइप अस्वच्छ आहे किंवा केग (बीअरचं पिंप) फार दिवस लागून आहे. चांगल्या ठिकाणी हे पाइप साधारण दोन आठवड्यांनी धुतात. विचारलं की सांगतात. जे सांगताना चिडतात त्यांच्याकडे मी दुसरा ग्लास घेत नाही.

फेस नसेल तर लगेच बीअरला दोष देऊ नका, ग्लास बघा. आतल्या भिंतीला बुडबुडे चिकटून बसले असतील तर ग्लासात साबण किंवा तेलकटपणा राहिलाय. स्वच्छ ग्लासात बुडबुडे थेट वर जातात आणि पिताना फेसाच्या कडी काचेवर राहतात, घोटागणिक एक. दुसरा ग्लास मागून तीच बीअर ओतायला सांगा. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. उलट अर्धा ग्लास नुसता फेस आला तर बहुतेक वेळा पाइप गरम झालेला असतो; दुपारी उघडल्या उघडल्या हे हमखास होतं. रात्रभर पाइपमध्ये उभी राहिलेली बीअर पहिल्या गिऱ्हाइकाच्या ग्लासात येते. दुपारी बारा वाजता जाणार असाल तर काल सर्वांत जास्त कुठली खपली ते विचारा आणि तीच घ्या. ती ताजी असण्याची शक्यता जास्त.

परत करायची तर दोन घोटांत करा. एका ठिकाणी मी लोणकट लागर पाऊण ग्लास संपवून तक्रार केली. बारवरच्या दादाने ग्लासाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाला, "सर, आवडली नाही हे आत्ता कळलं?" लागर खराबच होती, पण त्याचंही काही चुकलं नाही.

"आज ती संपली" हे ऐकून रागावू नका. छोट्या ब्रुअरीकडे टाक्या मोजक्या. एल जातीची बीअर (पेल एल, आयपीए, स्टाउट) दोन-तीन आठवड्यांत तयार होते, लागर नीट करायची तर महिना-दीड महिना टाकी अडते. म्हणून लागर कमी ठिकाणी आणि कमी वेळा दिसते. दिसली तर घ्या.

उंड्री ते बाणेर, एका संध्याकाळी

पुण्याच्या क्राफ्ट बीअरची गोष्ट दक्षिण टोकाला सुरू झाली. २००९ साली उंड्रीजवळच्या कोरिन्थियन्स क्लबमध्ये डूलाली उघडली. देशातल्या अगदी पहिल्या मायक्रोब्रुअरींपैकी एक. हे नाव देवळालीवरून आलंय. नाशिकजवळच्या देवळालीच्या छावणीत गोरे सैनिक मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत महिनोन् महिने पडून असत. उकाड्याने आणि कंटाळ्याने त्यांचं डोकं फिरे, त्याला ते 'डूलाली टॅप' म्हणत. त्यातला टॅप म्हणजे नळ नव्हे, आपला ताप. पुढे मुंढव्यात इंडिपेंडन्स आली. शहरात एफिंगट आली, ग्रेट स्टेट आली, मध आंबवून मीड नावाचं पेय बनवणारी मूनशाइन आली.

उत्साही मित्र मग नकाशावर पाच ठिपके टाकतात: उंड्री, मुंढवा, कोरेगाव पार्क, कल्याणीनगर, बाणेर. शनिवारी संध्याकाळी ही फेरी म्हणजे दोन बीअर आणि तीन तास ट्रॅफिक. शहराचा एकच कोपरा धरा. मुंढवा, कोरेगाव पार्क आणि कल्याणीनगर हे एकमेकांना लागून आहेत, मध्ये फक्त नदी. दोन ठिकाणं पुरे. बाणेर-बालेवाडी दुसऱ्या दिवशी.

जाण्याआधी हेही विचारा की बीअर तिथेच बनते का. काचेमागे टाक्या दिसल्या म्हणजे ब्रूपब. नुसते नळ असतील तर बीअर केगमधून दुसरीकडून येते. त्यात कमीपणा काही नाही, फक्त केग कधी लावला हा प्रश्न तिथे जास्त महत्त्वाचा.

गाडी घरी ठेवा. मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोलची आहे आणि वरचं पेगांचं गणित आठवत असेल तर एक पिंटही ती गाठू शकते. पहिल्या गुन्ह्याला १० हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. मार्च २०२४ पासून मेट्रो रामवाडीपर्यंत धावते, कल्याणीनगरला स्टेशन आहे. शेवटच्या गाडीची वेळ पहिल्या ग्लासाआधी बघून ठेवा, चौथ्यानंतर नाही.

बिलावर भांडण

बिलात पाच रुपयांचा परवाना दिसला की लोक फसवलं म्हणून ओरडतात. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार महाराष्ट्रात पिणाऱ्याला परवाना लागतो. 'परमिट रूम' हा शब्द तिथलाच. तो एक दिवसाचा परवाना असतो. बीअरवर व्हॅट आणि खाण्यावर जीएसटी असे दोन वेगळे कर लागतात, तेही बरोबरच आहे. सेवाशुल्क मात्र ऐच्छिक. नको असेल तर काढायला सांगा. एकवीस वर्षांखालच्या भाच्याला सोबत नेऊन "एक घोट दे रे त्याला" म्हणू नका. आणि विसर्जनाच्या किंवा मतदानाच्या आसपास जाणार असाल तर ड्राय डे आहे का ते आधी बघा.

ग्राउलर गाडीत विसरणे

काही ठिकाणी बीअर बाटलीत भरून घरी देतात, तिला ग्राउलर म्हणतात. ही बीअर दुधासारखी वागवायची: भरल्यापासून थंड, फ्रीजमध्ये उभी, दोन दिवसांत संपवायची. झाकण उघडलं की त्याच दिवशी. काचेची असेल तर उन्हापासून लांब, कारण हॉप्सला ऊन लागलं की घाण वास सुटतो.

हे मला माहीत होतं. तरी मागच्या मेमध्ये मामांसाठी हेफवायझन भरून घेतली आणि डिकीत टाकून सांगलीला निघालो. साताऱ्याला जेवण, कराडला चहा, गाडी दोन्हीकडे उन्हात. रात्री गच्चीवर मामांनी कौतुकाने ग्लास काढले. झाकण उघडताच अर्धी बीअर फेस होऊन फरशीवर गेली. उरलेल्यातला एक घोट त्यांनी घेतला, बराच वेळ तोंडात घोळवला आणि सावधपणे विचारलं, "ह्यात पुठ्ठा मुद्दाम घालतात का?"