ट्रान्सजेंडर लोकांबद्दलचे गैरसमज कसे काढायचे (सुरुवात स्वतःपासून)

माझी एक मैत्रीण आहे, वीस वर्षांची ओळख, त्यातली पहिली सोळा वर्षं मी तिला मित्र समजत होतो. आपण ट्रान्सजेंडर आहोत हे तिने सांगितलं तेव्हा मी फार मोठ्या मनाचा असल्यासारखं "मला काहीच प्रॉब्लेम नाही" म्हणालो आणि पुढच्याच वाक्यात विचारलं, "मग ऑपरेशन कधी करणार?" ती काही बोलली नाही, फोन चाळत बसली. तेव्हापासून मी जे शिकलो ते इथे टाकतोय, म्हणजे तुमच्या ओळखीतल्या कुणी सांगितलं तर तुमचा तरी पोपट होऊ नये.

तर पहिला गैरसमज तोच, ऑपरेशन. ऑपरेशन झालं की माणूस ट्रान्स होतो असं आपल्याला वाटतं, पण तसं नाहीये. जन्माच्या वेळी शरीर बघून मुलगा की मुलगी ते ठरवलं गेलं आणि आतून स्वतःबद्दल जे कळतं ते त्याच्याशी जुळत नाही, एवढ्यावरच ती व्यक्ती ट्रान्स असते. पुढे कुणी हार्मोन घेतं, कुणी सर्जरी करतं, कुणी फक्त नाव आणि कपडे बदलतं, कुणाला तब्येतीमुळे किंवा पैशांमुळे काहीच जमत नाही. आणि हार्मोन म्हणजे जादू नव्हे. टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) घेतलं की काही महिन्यांत आवाज फुटतो, हळूहळू दाढी येते, पण उलट बाजूने इस्ट्रोजेन (बायकी हार्मोन) घेऊन आवाज बारीक होत नाही, कारण वयात येताना एकदा जाड झालेले स्वरतंतू परत पातळ होत नाहीत. त्यामुळे ज्या ट्रान्स बायकांना (म्हणजे जन्माच्या वेळी मुलगा ठरवलेल्या बायकांना) आवाज बदलायचा असतो त्यांना गाणाऱ्यासारखा रोज रियाज करावा लागतो. म्हणजे "आवाज तर पुरुषाचाच आहे की" असं म्हणणारा माणूस फक्त स्वरतंतूंबद्दल बोलत असतो.

मग विचारायचं काय आणि काय नाही? मी एक साधी चाळणी लावतो. हाच प्रश्न मी ऑफिसमधल्या दुसऱ्या कुणाला विचारला असता का? कपड्यांच्या आत काय आहे हे आपण कुणालाच विचारत नाही, मग हिलाच का. स्वतःहून सांगितलं तर ऐकायचं, नाहीतर गुगल आहेच.

दुसरा घोळ म्हणजे ट्रान्स आणि गे एकच समजणं. तुम्ही कोण आहात हा एक प्रश्न आणि तुम्हाला कोण आवडतं हा दुसरा. ट्रान्स बाईला पुरुष आवडू शकतात, बायका आवडू शकतात (मग ती लेस्बियन), दोन्ही किंवा कुणीच नाही असंही असतं. इंटरसेक्स हे तिसरंच, तिथे जन्मतःच गुणसूत्रं, हार्मोन किंवा अवयव ठराविक साच्यात बसत नाहीत. बहुतेक ट्रान्स लोक इंटरसेक्स नसतात. आणि ट्रान्स म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यासमोर बाईच येते, ट्रान्स पुरुष कुणाला आठवतच नाहीत, ते शेजारच्या टेबलावर दाढी खाजवत बसलेले असतात आणि आपल्याला पत्ता नसतो.

"हा मानसिक आजार आहे" हे ऐकलं की चिडू नका, सरळ माहिती द्या. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या यादीची अकरावी आवृत्ती 2019 मध्ये मंजूर केली, 1 जानेवारी 2022 पासून ती लागू झाली, आणि त्यात हा विषय मानसिक विकारांच्या प्रकरणातून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात टाकलाय. यादीतून पूर्ण का नाही काढला, असं कुणीतरी हमखास विचारतं. कारण यादीत नाव नसेल तर उपचार आणि विमा मिळणं अवघड होतं. नैराश्य वगैरे ट्रान्स लोकांमध्ये जास्त दिसतं हे खरंय, पण घरच्यांनी तोडलं, रोज टोमणे मारले तर कुणाचं डोकं ठिकाणावर राहील?

"हे आजकालचं फॅड आहे" याला मी तारखाच सांगतो. बर्लिनमध्ये माग्नुस हिर्शफेल्ड नावाच्या डॉक्टरची संस्था 1919 मध्ये सुरू झाली, तिथे ट्रान्स लोकांवर उपचार व्हायचे, 1933 मध्ये नाझींनी ती लुटली आणि तिथली पुस्तकं चौकात जाळली. क्रिस्टीन जॉर्गेन्सन ही ट्रान्स बाई 1952 मध्ये अमेरिकेत पेपरच्या पहिल्या पानावर होती. तेव्हा कुठलं इन्स्टाग्राम होतं?

"नंतर पस्तावतात" हा मुद्दा मात्र उडवून लावू नका, कारण पस्तावणारे असतात आणि त्यांनाही नीट वागणूक मिळायला हवी. पण प्रमाण बघा. ॲमस्टरडॅमच्या क्लिनिकने 1972 ते 2015 मधल्या 6,793 लोकांच्या नोंदी तपासल्या, त्यात ज्यांनी अंडाशय किंवा वृषण काढायची सर्जरी केली त्यांच्यात पस्तावल्याची नोंद ट्रान्स बायकांमध्ये 0.6 टक्के आणि ट्रान्स पुरुषांमध्ये 0.3 टक्के होती. लहान मुलांचं म्हणाल तर वयात येण्याआधी यासाठी कुठलंच औषध देत नाहीत, तिथे विषय फक्त नाव, केस आणि कपड्यांचा असतो. वयात आल्यावर कुठलं औषध कधी द्यावं यावर डॉक्टरांमध्येच मतभेद आहेत, तेही मान्य करून टाकायचं, उगाच सगळं कळतं असा आव आणायचा नाही.

आता सगळ्यात अवघड गोष्ट, मराठी. इंग्रजीत समोरासमोर बोलताना यू म्हटलं की सुटलो, आपल्याकडे "आलास का" आणि "आलीस का" मध्येच सगळं उघडं पडतं, वर "अरे" आणि "अगं" आहेच. सोळा वर्षांची सवय तोंडातून जात नाही हो. मी काय केलं, तर जुने किस्से मनातल्या मनात नव्याने सांगायला लागलो, "ती परीक्षेला पेन विसरली होती", "ती बसमध्ये झोपली होती", गाडी चालवताना, अंघोळ करताना. दोनेक महिन्यांत जीभ वळली. तरी चुकलं तर "आलास... सॉरी, आलीस का" एवढंच म्हणून पुढे जायचं, पाच मिनिटं माफी मागत बसलात तर उलट तिलाच तुमची समजूत काढावी लागते. कुणी स्वतःला स्त्रीही म्हणत नसेल आणि पुरुषही, तर काय म्हणू ते सरळ विचारा, तोपर्यंत "तुम्ही आलात का" मध्ये लिंग कळतच नाही, ते बिनधास्त वापरा.

शेवटचं, फोन काढा आणि कॉन्टॅक्टमधलं नाव बदला. माझ्याकडे ते जुन्याच नावाने सेव्ह होतं, एकदा मी आमच्या चॅटचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकला आणि वर ठळक अक्षरात ते नाव, ग्रुपमधल्या निम्म्या लोकांना ती ट्रान्स आहे हे माहीतच नव्हतं. कुणाला कधी सांगायचं हे तिने ठरवायचं होतं, ते मी ठरवून बसलो. डिलीट केला, पण तोवर चार जणांनी तो बघितला होता.