दिवाळीच्या सुट्टीत मुलांबरोबर किल्ला बांधताना

सहामाही परीक्षेचा शेवटचा पेपर देऊन मुले घरी येतात, तेव्हा वसुबारस बहुधा चार-सहा दिवसांवर आलेली असते आणि नेमक्या त्याच दिवसांत घरातील मोठी माणसे साफसफाई, भाजणी आणि खरेदी यांत बुडालेली असतात. या गडबडीत किल्ला मागे पडतो. मग आदल्या रात्री चार विटा रचून त्यांवर चिखल थापला जातो आणि बाजारातून आणलेले मावळे ओल्या मातीत रोवले जातात. किल्ला उभा राहतो खरा, पण तो कोणत्या गडाचा, हे बांधणाऱ्या मुलालाही सांगता येत नाही. मुलांनी एखादा खराखुरा गड निवडावा, त्याचा नकाशा समोर ठेवावा आणि त्याच्या माच्या (माथ्याखालच्या सपाट जागा), दरवाजे व पाण्याची टाकी जागच्या जागी दाखवावीत, असे मला मनापासून वाटते. त्यासाठी जास्त खर्च लागत नाही. फक्त दोन दिवस आधी सुरुवात करावी लागते.

गडाची निवड पहिल्या दिवशी मुलांनीच करावी. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे महाराष्ट्रातील अकरा आणि तमिळनाडूतील जिंजी, अशी ती यादी आहे, आणि निवडीसाठी ती फार सोयीची आहे. कुटुंबाने यांपैकी एखादा गड पाहिलेला असेल तर तोच घ्यावा, कारण ज्या पायऱ्यांवर दम लागला होता त्या पायऱ्या मुलांच्या हातून बरोबर उतरतात. अंगण असेल तर डोंगरी किल्ला शोभतो. सदनिकेच्या गॅलरीत जागा जेमतेम असेल तर मोठ्या परातीत किंवा लाकडी पाटावर सिंधुदुर्ग करावा. मालवणजवळच्या कुरटे बेटावर १६६४ मध्ये पायाभरणी झालेल्या या किल्ल्याला डोंगर लागत नाही, त्याची नागमोडी तटबंदी हेच त्याचे सौंदर्य आहे. परातीत मात्र खरे पाणी भरू नये, कारण मातीचा तट खालून विरघळतो. निळी रांगोळी पसरली तरी समुद्र छान दिसतो.

पुढचे सगळे मी राजगड डोळ्यांसमोर ठेवून लिहीत आहे. रायगडाआधीची स्वराज्याची राजधानी म्हणून तो महत्त्वाचा आहेच, पण त्याची रचना मुलांना एकदा सांगितली की कायमची लक्षात राहते. मध्यभागी सर्वांत उंच बालेकिल्ला आणि त्याच्या तीन अंगांना तीन माच्या: उत्तरेला पद्मावती, पूर्वेच्या बाजूला सुवेळा आणि नैर्ऋत्येकडे लांबवर उतरत गेलेली संजीवनी. हा आराखडा आधी वर्तमानपत्राच्या कागदावर खऱ्या मापात काढावा. चार फूट रुंद आणि पाच फूट लांब जागा पुरेशी होते आणि बालेकिल्ल्याची उंची दोन-अडीच फुटांच्या वर नेऊ नये, नाहीतर मुलांचा हात माथ्यापर्यंत पोहोचत नाही. कागद जमिनीवर अंथरून त्याच्या कडेने रांगोळीची रेघ मारली की पाया कुठे घ्यायचा हे ठरते. जागा निवडताना भिंतीचा आधार मिळेल आणि छतावरचे पाणी नेमके तिथे पडणार नाही, एवढे पाहावे.

सामान घरात आणि आसपासच मिळते. विटांचे तुकडे, दगड, फुटक्या कुंड्या, तीन-चार जुनी गोणपाटे आणि आठ-दहा घमेली माती एवढ्यात काम होते. मातीच्या बाबतीत थोडी काळजी घ्यावी लागते. नुसती काळी माती वाळली की आकसते आणि तिला बोट जाईल एवढ्या भेगा पडतात, म्हणून तिच्यात निम्मी लाल माती किंवा बारीक मुरूम मिसळावा. माती चाळण्याचे काम चार-पाच वर्षांच्या मुलांना द्यावे. जुन्या चाळणीतून माती खाली पडत असताना ती तासभर एका जागी बसतात आणि त्यांनाही किल्ल्यात आपला वाटा असल्याचे समाधान मिळते. दगड-विटा उचलणे, पाण्याच्या बादल्या आणणे आणि कात्रीची कामे करणे मोठ्यांनी आपल्याकडे ठेवावे. तट सरळ आला नाही म्हणून वडिलांनी तो मोडून पुन्हा घालणे मात्र कटाक्षाने टाळावे. वाकडा का असेना, तो मुलाच्या बोटांनी बसवलेला तट आहे आणि पाहुणे आले की तो त्याच तटापाशी त्यांना आधी नेणार आहे.

दुसऱ्या दिवशी दगड-विटांचा ढीग आराखड्याप्रमाणे रचावा. मोठे दगड खाली, लहान वर, आणि मधल्या पोकळ्यांत कोरडी माती ठासून भरावी. इथे सह्याद्रीकडे नीट पाहिलेले असले पाहिजे. मुले डोंगर काढतात तो शंकूसारखा, खालून वर एकसारखा निमुळता. आपले डोंगर तसे नाहीत. लाव्ह्याचे थर एकावर एक साचून ते तयार झाले असल्यामुळे त्यांत उभा कातळकडा, मग थोडी उतरती किंवा सपाट जागा, मग पुन्हा कडा, असे टप्पे असतात, आणि गडाची माची म्हणजे अशाच एखाद्या टप्प्यावरची सपाटी. म्हणून ढीग रचतानाच बालेकिल्ल्याच्या खाली तिन्ही बाजूंना वीतभर रुंदीचे सपाट पट्टे सोडावेत आणि त्यांच्या कडेला फरशीचे किंवा चपट्या दगडांचे तुकडे उभे लावावेत. एवढे एक केले की समोरचा ढिगारा एकदम सह्याद्रीतला वाटू लागतो.

आता गोणपाटे. माती पाण्यात कालवून ताकापेक्षा थोडी दाट राड करावी, तिच्यात गोणपाट बुडवून, हलके पिळून ढिगावर अंथरावे आणि उभ्या कड्यांच्या जागा तेवढ्या मोकळ्या सोडाव्यात. गोणपाटाच्या विणीत चिखल अडकून राहतो, त्यामुळे वरचा लेप घसरत नाही. माझ्या लहानपणी एका वर्षी आम्ही घाईत गोणपाट न घालताच माती लिंपली आणि धनत्रयोदशीच्या दुपारी परतीचा पाऊस अर्धा तास पडला. पाऊस थांबला तेव्हा दगड धुऊन उघडे पडले होते आणि मावळे खाली चिखलात आडवे झाले होते. तेव्हापासून आमच्या घरी गोणपाटाशिवाय किल्ला झालेला नाही, आणि प्लॅस्टिकचा एक मोठा कागद चार दगडांसह शेजारी तयार ठेवलेला असतो. गोणपाटावर बोटाच्या पेराएवढ्या जाडीचा मातीचा लेप द्यावा आणि तो रात्रभर वाळू द्यावा. सकाळी बारीक भेगा दिसल्या तर ओल्या फडक्याने पातळ चिखल त्यांत भरावा.

तटबंदीचे काम मुलांना सर्वांत जास्त आवडते आणि ते घाईने उरकू नये. तट कड्याच्या अगदी काठावरून, डोंगराच्या वळणाप्रमाणे जातो. उतारावर मध्येच काढलेली भिंत शोभत नाही. मऊ मळलेल्या मातीची वळकटी करून ती काठावर ठेवावी, दोन्ही बाजूंनी चेपून उभी करावी आणि जुन्या कंगव्याने किंवा काडीने चिऱ्यांच्या रेघा पाडाव्यात. बुरुजांसाठी औषधाच्या बाटलीची झाकणे किंवा पुठ्ठ्याच्या नळीचे तुकडे मातीने मढवले की गोलाई एकसारखी येते. राजगडावर संजीवनी माची तीन टप्प्यांत खाली उतरते आणि तिथे दुहेरी तट आहे. बाहेरच्या तटाच्या आत दुसरा तट आणि मध्ये माणूस जाईल एवढी फट. मोठ्या मुलांनी ती फट जरूर दाखवावी, पेन्सिलच्या जाडीएवढी जागा पुरते. सुवेळा माचीच्या कातळात आरपार छिद्र आहे, त्याला नेढे म्हणतात. माती ओली असतानाच तिथे एक काडी आरपार घालून ठेवावी आणि माती वाळल्यावर ती अलगद फिरवत काढून घ्यावी. आमच्या घरातल्या सात वर्षांच्या मुलीने ती काडी काढल्यावर एक डोळा मिटून त्या नेढ्यातून पलीकडच्या तुळशी वृंदावनाकडे पाहिले आणि मग घरातल्या प्रत्येकाला एकेक करून जमिनीवर पालथे झोपायला लावून ते दाखवले.

दरवाज्यांविषयी एक गोष्ट आवर्जून सांगतो. बाजारात पुठ्ठ्याची मोठी प्रवेशद्वारे मिळतात आणि ती किल्ल्याच्या समोर मधोमध लावली जातात. अनेक शिवकालीन किल्ल्यांचा महादरवाजा मात्र समोरून दिसतच नाही. दोन बुरुज पुढे येऊन एकमेकांत असे वळतात की दार त्यांच्या कुशीत लपते. या बांधणीला गोमुखी म्हणतात, आणि रायगडाचा महादरवाजा हे तिचे उत्तम उदाहरण आहे. शत्रूला दारासमोर हत्ती पळवत आणायला किंवा तोफ डागायला सरळ वाट मिळू नये, हा त्यामागचा विचार. राजगड करताना पाली दरवाजा, गुंजवणे दरवाजा आणि पद्मावती माचीवरचा चोर दरवाजा यांच्या जागा नकाशावरून पाहून घ्याव्यात आणि प्रत्येकाकडे जाणारी पायवाट खालच्या गावापासून वळणे घेत वर न्यावी. पायऱ्या आइस्क्रीमच्या काडीने ओल्या मातीत दाबल्या की होतात.

पाण्याची सोय नसेल तर गडावर शिबंदी, म्हणजे पहाऱ्याचे सैन्य, राहू शकत नाही, हे मुलांना किल्ला बांधतानाच समजते. पद्मावती माचीवर तलाव आहे, बालेकिल्ल्यावर चंद्रतळे आहे. त्या जागी नारळाची करवंटी किंवा लहान वाटी मातीत काठापर्यंत पुरावी. वाटीचा काठ मातीच्या वर दिसला तर ती वाटीच दिसते, तळे दिसत नाही.

हिरवळ हा किल्ल्याचा प्राण आहे आणि तिच्यासाठीच आधी सुरुवात करावी लागते. मोहरीला रुजून हिरवी दिसायला पाच-सहा दिवस लागतात, अळीव त्यापेक्षा लवकर येतो. मी उतारांसाठी अळीवच वापरण्याचा सल्ला देईन. पाण्यात पडल्यावर थोड्याच वेळात अळिवाच्या प्रत्येक दाण्याभोवती चिकट, पारदर्शक वेष्टण तयार होते, सब्जाच्या बियांसारखे, आणि त्यामुळे दाणे उतारावरही जागचे हलत नाहीत. मोहरी मात्र पहिल्याच शिंपणात घरंगळून पायथ्याशी गोळा होते. भिजवलेला अळीव बोटांनी पातळ पसरावा, कडे आणि वाटा मोकळ्या ठेवाव्यात आणि मोहरी सपाट माच्यांवर टाकावी. गव्हाचे तृण उंच वाढते आणि मावळे त्यात बुडतात, म्हणून गहू फक्त पायथ्याच्या शेतांत पेरावा. पाणी सकाळ-संध्याकाळ बोटांनी किंवा फवाऱ्याने शिंपडावे, तांब्याने ओतू नये. मुंग्या दाणे नेऊ लागल्या तर पायथ्याभोवती हळदीची रेघ ओढावी. मांजराचा बंदोबस्त जास्त अवघड असतो, कारण उन्हाने तापलेली मऊ माती त्याला फार आवडते; पहिल्या दोन रात्री किल्ल्यावर एखादी मोठी पाटी पालथी ठेवावी. परदेशातील ज्या मराठी कुटुंबांकडे या दिवसांत थंडी सुरू झालेली असते, त्यांनी किल्ला ट्रेमध्ये करून उबदार खोलीत खिडकीशी ठेवावा आणि बी दोन दिवस आधी टाकावे.

मावळे माती पूर्ण वाळल्यावरच मांडावेत. कुंभाराकडची मातीची चित्रे मिळाली तर तीच घ्यावीत; ती थोडी ओबडधोबड असतात, पण मातीच्या गडावर शोभतात. महाराजांची मूर्ती बालेकिल्ल्यावर, पहारेकरी दरवाज्यांशी आणि बुरुजांवर, तोंड बाहेरच्या बाजूला करून. पायथ्याशी गाव वसवावे: विहीर, पाणी नेणाऱ्या बाया, नांगर, बैलजोडी. किल्ल्याशेजारी एका पुठ्ठ्यावर गडाचे नाव, माच्यांची आणि दरवाज्यांची नावे मुलांनी आपल्या अक्षरात लिहावीत. दिवाळीत येणाऱ्या प्रत्येकाला गड समजावून सांगण्याचे काम घरातल्या सर्वांत लाजाळू मुलाला द्यावे. तिसऱ्या-चौथ्या पाहुण्यापर्यंत त्याचा आवाज मोकळा होतो.

पणत्या पायथ्याच्या सपाट जागी, हिरवळीपासून आणि पुठ्ठ्यापासून दूर ठेवाव्यात. दिवाळी संपल्यावर सुतळी बॉम्ब लावून किल्ला उडवण्याची काही ठिकाणी पद्धत आहे. ती आपल्या घरी येऊ देऊ नये, कारण आत दगड आणि विटांचे तुकडे असतात आणि ते उडून डोळ्याला लागू शकतात; शिवाय चार दिवस हाताने जपलेली वस्तू अशी उडवून देणे मला कधी पटलेले नाही. तुळशीच्या लग्नापर्यंत किल्ला ठेवावा आणि नंतर एका रविवारी सर्वांनी मिळून तो उतरवावा. माती कुंड्यांत जाते, गोणपाटे धुऊन वाळवून माळ्यावर जातात, विटा पुन्हा भिंतीशी रचल्या जातात. मावळे ओल्या फडक्याने पुसून एकेक करून वर्तमानपत्रात गुंडाळावेत आणि राजगडाचा आराखडा घडी घालून त्याच खोक्यात ठेवावा. पुढच्या वर्षीच्या गडाचे नाव तेव्हाच ठरले असेल, तर तेही खोक्याच्या झाकणावर मुलांच्या हातून लिहून घ्यावे.