जुन्या कॉम्प्युटरांचा जाणकार गेल्यावर: त्यांच्या कपाटाला हात लावण्याआधी

जुन्या कॉम्प्युटरांचा छंद असलेल्यांत अशी एखादी व्यक्ती असतेच, की स्पेक्ट्रमसारखा ऐंशीच्या दशकातला घरगुती कॉम्प्युटर बंद पडो नाहीतर फ्लॉपी वाचली न जावो, सगळे पहिला फोन तिलाच लावतात. ती गेली की मागे उरते यंत्रांनी भरलेली खोली, बुटांच्या खोक्यांतल्या फ्लॉप्या, हस्ताक्षरातली लेबलं, आणि यातलं मोलाचं काय नि टाकाऊ काय हे ठाऊक नसलेली घरची माणसं. मग दिवाळीची साफसफाई निघते, भंगारवाला येतो आणि सगळं किलोवर जातं. यात घरच्यांचा दोष नसतो. त्यांना वेळेवर कुणी भेटलेलं नसतं. ते भेटणं आपलं काम आहे, म्हणून हे सगळं छंदातल्या सोबत्यांसाठी.

समाचाराला जाताना

तेराव्यापर्यंत संग्रहाचा विषय काढू नका. फार तर घर सांभाळणाऱ्या माणसाजवळ हळूच एवढंच बोला: "काकू, काकांच्या खोलीतलं काही चालू करू नका आणि काही टाकूही नका. नंतर येऊन आम्ही सगळं नीट लावून देऊ." यातलं पहिलं वाक्य दुसऱ्याइतकंच महत्त्वाचं. लोक मायेपोटीच यंत्र चालू करतात, नातवाला आजोबांचा कॉम्प्युटर दाखवायला म्हणून, आणि तिथेच घात होतो.

तो कसा होतो हे माहीत असलं की घरच्यांना सांगणं सोपं जातं. १९८४ साली सुरू झालेल्या 'क्लास' या शालेय संगणक-शिक्षणाच्या प्रकल्पातून आपल्याकडच्या शाळांत बीबीसी मायक्रो हे कॉम्प्युटर आले, त्यातले काही पुढे घरांत पोचले. त्यांच्या पॉवर सप्लायमध्ये रिफा कंपनीचे कागदी कपॅसिटर असतात, एक ०.१ मायक्रोफॅरडचा आणि एक ०.०१ चा. त्यांच्या पारदर्शक कवचाला बारीक तडे जातात, तड्यांतून दमट हवा आत शिरते आणि २३० व्होल्ट मिळाले की काही मिनिटांत खोली धुराने भरते. कमोडोर ६४ चं दुखणं याहून वाईट, कारण त्यात आवाज नाही की धूर नाही. त्याच्या विटेसारख्या ॲडॅप्टरमधला रेग्युलेटर बिघडला की ५ व्होल्टच्या जागी जास्त व्होल्टेज जातं आणि मेमरीच्या चिप मरतात. हा ॲडॅप्टर थंड असताना मल्टिमीटरवर अगदी बरोबर दिसू शकतो. म्हणून मोजून खात्री झाली असं मानू नका. नवा ॲडॅप्टर घ्या, मूळचा फक्त जपून ठेवा.

भाव आणि मालकी

तेरावं झाल्यावर घरचे बहुधा स्वतःच विचारतात, "याचं काही येईल का?" इथे एक नियम कडक पाळा: ज्याने भाव सांगितला त्याने विकत घ्यायचं नाही. मैत्रीतली ही सगळ्यात नाजूक जागा आहे. भाव सांगायला दोघे जा, दोघांनी वेगवेगळा कागद करा, आणि दोन्ही कागद घरच्यांच्या हाती द्या. सगळ्या वारसांचं एकमत होईपर्यंत एकही वस्तू घराबाहेर काढू नका, दुरुस्तीसाठीसुद्धा नाही. वस्तू बाहेर निघाली की अनुक्रमांकासह पावती लिहा.

जाणकारांच्या घरी दुसऱ्यांचं सामानही पडलेलं असतं. कुणाचा मदरबोर्ड, कुणाचा जॉयस्टिक, कधीतरी दुरुस्तीला दिलेला. आपली वस्तू मागणाऱ्याकडून अनुक्रमांक, जुना फोटो किंवा निरोपांतला उल्लेख मागा. ओळखीच्या माणसाकडून पुरावा मागायला संकोच वाटतो, पण काकूंना रोज नव्या माणसाला दार उघडावं लागण्यापेक्षा तो बरा.

आधी फोटो, मग हात

खोलीत गेल्यावर पहिला तास काही उचलू नका. दारातून, चारही भिंतींचे, प्रत्येक फळीचे, प्रत्येक ड्रॉवरचे फोटो घ्या. कुठली केबल कुठे जोडली होती तेही येऊ द्या. आपल्याला पसारा दिसतो, पण तो त्यांनी लावलेला असतो. 'चालतं', 'संशयित', 'कधीतरी' अशी खोकी बाहेरून सारखीच दिसतात. ती एकदा मिसळली की त्यांची वर्षांची पारख गेली.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे टेपरेकॉर्डर. स्पेक्ट्रमच्या कॅसेट ज्या रेकॉर्डरवर भरल्या त्याचं हेड किंचित तिरकं असतं, प्रत्येकाचं आपापल्या परीने. त्या तिरकेपणाने भरलेली कॅसेट त्याच रेकॉर्डरवर बिनचूक चालते आणि दुसऱ्या चांगल्या डेकवर अडखळते. त्यामुळे कळकट रेकॉर्डर भंगारात आणि कॅसेटा संग्रहात अशी वाटणी करू नका. तो रेकॉर्डर त्या कॅसेटांची किल्ली आहे. त्याच्या हेडशेजारच्या स्क्रूला हात लावायचा नाही. दोन्ही एका खोक्यात ठेवा आणि बाहेर तसं लिहा.

इप्रॉम म्हणजे वर काचेची खिडकी असलेली मेमरी चिप. तिच्या काचेवरची लेबलं काढू नका. त्यांवर हस्ताक्षर आहे, आणि त्यांच्यामुळे काचेवर उजेड पडत नाही. अतिनील किरणांनी आतला मजकूर पुसला जातो. लेबल सुटत आलं असेल तर त्याचा फोटो घ्या आणि वरून काळी चिकटपट्टी लावा.

सेल काढणं, हे थांबवू नका

बाकी सगळं महिनाभर थांबू शकतं. सेल थांबत नाहीत, ते बंद यंत्रातही गळतात. अमिगा ५०० च्या ए५०१ मेमरी कार्डावर, अमिगा २००० वर, एकॉर्न आर्किमिडीजच्या काही मॉडेलांत आणि ३८६-४८६ पीसींच्या कित्येक मदरबोर्डांवर निकेल-कॅडमियमचा निळा किंवा हिरवा सेल थेट सोल्डर केलेला असतो. घरच्यांची परवानगी मिळाली की पहिल्या दिवशी हेच करा. पाय छाटायचे, ओढायचं नाही. ओढलं तर बोर्डावरचा तांब्याचा ट्रॅक सोबत उखडून येतो.

हिरवट-निळसर बुरशीसारखा थर दिसला तर ती गळती. ती अल्कलीची असते, म्हणून जुन्या टूथब्रशने पांढरं व्हिनेगर लावा. फेस थांबेपर्यंत घासा, इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड पाण्याने धुवा, मग ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल फिरवा आणि पंख्याखाली पूर्ण दिवस वाळवा. उन्हात नको. चिपच्या सॉकेटखाली गळती शिरली असेल तर सॉकेट काढल्याशिवाय ती जात नाही. ते काम सोल्डरिंगचा हात बसलेल्यालाच द्या.

जुन्या मॅकिंटॉशमध्ये, विशेषतः एसई/३० मध्ये, अर्ध्या पेन्सिल सेलएवढा ३.६ व्होल्टचा लिथियम सेल असतो. त्याची गळती आम्लाची, तिथे व्हिनेगर चालणार नाही. खाण्याचा सोडा पाण्यात कालवून लावा, पुढचं धुणं तेच. हातमोजे दोन्ही वेळी घाला. पिक्चर ट्यूब असलेलं कुठलंही यंत्र, म्हणजे हे मॅकही, ट्यूब डिस्चार्ज करता येत नसेल तर उघडूच नका. बंद असूनही आत जीवघेणं व्होल्टेज उरलेलं असू शकतं.

फ्लॉप्या, आणि आपला पावसाळा

मुंबई, कोकण, गोव्यातल्या संग्रहात निम्मा वेळ इथेच जाईल. ५.२५ इंची फ्लॉपी खिडकीतून उजेडात धरा आणि मधलं भोक बोटांनी हळू फिरवत पूर्ण चकती पाहा. पांढरे ठिपके किंवा राखाडी वर्तुळं म्हणजे बुरशी. अशी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घातली की बुरशी हेडवर बसते, हेड चकती खरवडतं, आणि पुढच्या चांगल्या फ्लॉपीवरही तीच रेघ उमटते. एका चुकीत दहा फ्लॉप्या जातात.

थोडी बुरशी असेल तर खिडकीतून दिसणाऱ्या भागावर अल्कोहोलमध्ये भिजवलेला, धागे न सुटणारा बोळा हलका टेकवून चकती फिरवा, दोन्ही बाजूंनी. आधी मधल्या भोकाजवळ थोडं लावून बघा. बोळ्यावर तपकिरी रंग आला तर थांबा, चुंबकीय थरच निघतोय. बुरशी जास्त असेल तर वेष्टनाची वरची कड कात्रीने मिलिमीटरभर कापा, चकती काढा, डिस्टिल्ड पाण्यात भांड्याच्या लिक्विडचा एक थेंब टाकून धुवा, नुसत्या पाण्याने खळबळा आणि वाळल्यावर दुसऱ्या, त्यागायच्या फ्लॉपीच्या स्वच्छ वेष्टनात सरकवा. मूळ वेष्टन लेबलासकट जपा.

प्रत आधी, वाचन नंतर. लिहिणं बंद करा: ५.२५ इंचीची बाजूची खाच अपारदर्शक टेपने झाका. ३.५ इंचीचं उलट आहे, तिथे छोटी खिडकी उघडी असली म्हणजे लिहिणं बंद. प्रत घ्यायला ग्रीझवीझल बोर्ड (जुना फ्लॉपी ड्राइव्ह आजच्या कॉम्प्युटरला जोडणारा) आणि साधा पीसीचा ड्राइव्ह पुरतो. ३.५ इंचीसाठी १.४४ एमबीचा ड्राइव्ह, ५.२५ साठी १.२ एमबीचा, तो ४० ट्रॅकची फ्लॉपीही दोन-दोन पावलं टाकत वाचतो. दर ट्रॅकचे तीन फेरे वाचा आणि कच्चा फ्लक्स, म्हणजे चकतीवरचा मूळ चुंबकीय सिग्नल, एससीपी फाइलमध्ये ठेवा. अमिगाची एडीएफ, कमोडोरची डी६४, बीबीसीची एसएसडी त्यातून नंतर केव्हाही निघते. उलट्या दिशेने जाता येत नाही. दर फ्लॉपीनंतर हेड पुसा. कंटाळवाणं आहे, तरी पुसाच.

फाइलला लेबलावरचंच नाव द्या, त्यांच्या स्पेलिंगसकट. सोबत लेबलाचा फोटो आणि एसएचए-२५६ चा आकडा (फाइल बदलली का ते ओळखायचा) ठेवा. तीन प्रती करा: एक घरच्यांकडे, दोन वेगवेगळ्या गावांत.

कॅसेट त्यांच्याच रेकॉर्डरवर वाजवून ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, मोनो वेव्ह फाइलमध्ये उतरवा. एमपी३ करू नका, त्यात सिग्नलच्या कडा बोथट होतात.

फ्लॉप्यांत पत्रं, हिशेब, डायरी निघतेच. नावावरून कळलं की उघडू नका. प्रत घ्या, वेगळी ठेवा, वारसांना द्या. त्यातलं काही चारचौघांत जाऊ द्यायचं की नाही हे ते ठरवतील, आणि त्यांनी नाही म्हटलं की विषय संपला.

बांधणं आणि जागा

वर्तमानपत्रात गुंडाळू नका, कागद दमट होतो आणि शाई प्लास्टिकवर उतरते. डांबरगोळ्या तर मुळीच नकोत, नॅप्थलीनच्या वाफेने काही प्लास्टिकं मऊ पडतात. जुन्या पेट्यांतला स्पंज चिकट झाला असेल तर काढून टाका. झाकणाच्या प्लास्टिक क्रेटमध्ये सिलिका जेलच्या ५० ग्रॅमच्या दोन पुड्या घाला आणि पावसाळ्याआधी बदला. एसटी-२२५ सारखी २० एमबीची जुनी हार्डडिस्क हलवण्याआधी तिचं हेड पार्क करावं, म्हणजे सुरक्षित जागी नेऊन ठेवावं लागतं, ती स्वतःहून करत नाही. ती चालू करणं धोक्याचं वाटलं तर निदान आडवी, मांडीवर घेऊन न्या.

स्पेक्ट्रमच्या ॲडॅप्टरवर चिठ्ठी लावा: '९ व्होल्ट, १.४ अँपिअर, प्लगच्या आत उणे, बाहेर अधिक.' बाजारातले बहुतेक ॲडॅप्टर याच्या उलट असतात. मूळ ॲडॅप्टर मोकळा मोजला तर १२-१४ व्होल्ट दाखवतो, ते बरोबरच आहे. डेसिबेल्स कंपनीने भारतात परवान्याने काढलेला डीबी स्पेक्ट्रम प्लस हाती लागला तर त्याचं खोकं, पुस्तिका, बिल यातलं काहीही वेगळं करू नका. इंग्लंडमधले स्पेक्ट्रम भरपूर जपले गेलेत, आपल्याकडचे फार थोडे.

नाव लिहायचं, देवनागरीत

श्रद्धांजलीच्या मजकुरात त्यांचं टोपणनाव आणि खरं नाव एकत्र छापण्याआधी घरच्यांना विचारा. अनेकांनी ही दोन आयुष्यं मुद्दाम वेगळी ठेवलेली असतात. 'महान' वगैरे लिहिण्यापेक्षा त्यांनी काय दुरुस्त केलं, काय शिकवलं, कुठली केबल स्वतः बनवून वाटली ते लिहा.

आणि त्यांच्या यंत्रावर एक छोटा प्रोग्राम करा. स्पेक्ट्रमच्या बेसिकमध्ये ए ते यू अशी २१ अक्षरं आपल्याला हवी तशी रेखता येतात, प्रत्येक ८ बाय ८ ठिपक्यांचं. देवनागरीसाठी दोन ओळी धरा: वरची वेलांटी-मात्रांना, खालची अक्षरांना. अक्षराच्या चौकटीची पहिली रेघ कायम २५५ ठेवा, की शिरोरेखा सलग जुळते. 'म' असा येतो: २५५, ३४, ३४, ३४, ६२, ९८, ९८, २. आठही आकडे डेटा ओळीत घाला आणि रीड करून यूएसआर "ए" पासून पुढे पोक करा (मेमरीत भरा), मग ग्राफिक्स मोडमध्ये ए दाबलं की म उमटतो. उकार बसवायला खालच्या चौकटीत जागा उरत नाही, त्याला तिसरी ओळ लागते. २१ चौकटी कमी पडल्या तर आडनाव सोडा, त्यांना ज्या नावाने हाक मारायचे तेच ठेवा.

बॉर्डर ०, पेपर ०, इंक ७, मग सीएलएस. पडदा ३२ रकान्यांचा, नाव ६ चौकटींचं असेल तर १३ व्या रकान्यापासून (मोजणी शून्यापासून) प्रिंट करा. सेव्ह करताना नावापुढे लाइन १० जोडा, म्हणजे लोड होताच आपोआप चालेल.

कॅसेट नवी घ्या, पण भरा त्यांच्याच रेकॉर्डरवर. दोन वेळा सेव्ह करा, रिवाइंड करून व्हेरिफाय चालवा, आणि 'ओके' आलं की कॅसेटच्या मागच्या कडेचे दोन्ही प्लास्टिकचे तुकडे मोडा, म्हणजे वरून काही भरलं जाणार नाही. ती कॅसेट, तो रेकॉर्डर आणि चालू करायच्या पायऱ्या लिहिलेला कागद काकूंच्या हाती द्या.