पाण्यात उतरलेली माणसे पाण्यावर उभी राहू नयेत : या चुका टाळा

ज्याने लहानपणापासून सांगलीच्या घाटावरून कृष्णा पाहिली आहे, त्याला मॉडेल रेल्वेच्या लेआउटवरील, म्हणजे छोट्या गाडीभोवती उभारलेल्या देखाव्यातील, नदीत काचेवर ठेवल्यासारखी उभी असलेली माणसे पाहवत नाहीत. वर पुलावरून गाडी झकास धावत असते आणि खाली आंघोळीला उतरलेला गृहस्थ मात्र पायाखालच्या प्लास्टिकच्या चकतीसह पाण्यावर तरंगत असतो. चकती कापण्याचा कंटाळा, हे याचे एकमेव कारण आहे.

एचओ या मॉडेल रेल्वेच्या मापात, म्हणजे 1:87 या प्रमाणात, साडेपाच फुटी माणूस जेमतेम 19 मिलिमीटर भरतो आणि कमरेइतके पाणी म्हणजे तळव्यापासून सुमारे 11 मिलिमीटर. आपले रेझिनचे (ओतल्यावर घट्ट होणाऱ्या पारदर्शक द्रवाचे) पाणी बहुधा 3-4 मिलिमीटरच खोल असते, त्यामुळे उरलेला पाय कापण्यावाचून गत्यंतर नाही. कापण्यासाठी पक्कड वापरल्यास पाय चेपतो. मी बारीक दातांच्या करवतीने कापतो आणि पॉलिश पेपरवर घासून तळ सपाट करतो. पावसाळी गढूळ कृष्णा दाखवायची असेल तर काम आणखी सोपे होते, कारण पाण्याखालचे काहीच दिसत नसल्याने माणूस थेट कमरेत कापून पृष्ठभागावर चिकटवला तरी चालतो. हिवाळ्यातले नितळ पाणी करणाऱ्याने मात्र पायांनाही रंग द्यावा आणि ते रेझिन ओतण्यापूर्वीच तळाशी पक्के बसवावेत.

दुसरी चूक घाईची, आणि ती मी स्वतः केलेली आहे. मिरजेहून कोल्हापूरला जाताना लागणारा कृष्णेवरचा पूल मी पहिल्या लेआउटसाठी निवडला होता. भर जुलैत, बाहेर संततधार चालू असताना, मी 12 मिलिमीटर खोलीचे पात्र एका दमात भरले आणि लवकर आळावे म्हणून हार्डनर, म्हणजे रेझिन घट्ट करणारा दुसरा घटक, अंदाजपंचे जास्त घातला. हातातला कप चटका बसण्याइतका तापला, धुणे धुणारी बाई कमरेत वाकण्याऐवजी पार आडवी झाली, एका कोपऱ्यातले रेझिन आठवडाभर चिकटच राहिले आणि काठाच्या चिकटपट्टीतून गळालेल्या रेझिनचा फरशीवरचा डाग घरच्यांनी मला अजून विसरू दिलेला नाही. हार्डनर वाढवल्याने हे इपॉक्सी रेझिन लवकर आळत नाही. जास्तीचा हार्डनर तसाच उरतो आणि रेझिन मऊ राहते. मी आता वजनकाट्यावर मोजून, बाटलीवरील प्रमाणातच मिश्रण करतो, एका वेळी 3 मिलिमीटरपेक्षा जाड थर देत नाही आणि पावसाळ्यात ते कामच हाती घेत नाही, कारण दमट हवेत पृष्ठभागावर पांढुरका थर येतो. ज्यांना एका संध्याकाळी नदी हवी असते, त्यांनी निळा कागद अंथरावा.

रेझिन माणसाच्या अंगावरून वर चढते, याकडेही फारसे कोणी लक्ष देत नाही. लुगड्याच्या निऱ्यांमधून ते केशाकर्षणाने वर सरकते आणि बाई खांद्यापर्यंत ओली दिसू लागते. रेझिन वाळल्यावर मी वरच्या भागाला मॅट वार्निश लावतो, पण पाण्यालगतची मिलिमीटरभर पट्टी मुद्दाम चमकती ठेवतो, कारण भिजलेले कापड चमकतेच. माणसाभोवतीचे तरंग ग्लॉस जेल (चमकदार, दाट पारदर्शक लेप) आणि टूथपिकने काढावेत. मात्र वाहत्या नदीत गोल वलये काढू नयेत, तेथे प्रवाहाच्या दिशेने मागे पसरणारी दुभंगलेली रेघच शोभते.

नदीच्या प्लास्टरच्या तळाला आधी रंगाचा हात न दिल्यास रेझिनमध्ये बुडबुडे येतात. सुपरग्लूच्या वाफेने पारदर्शक पाणी धुरकट होते, म्हणून तेथे मी पाण्यात मिसळणारा डिंकच वापरतो. परदेशी संचातले स्नानवेशातले पोहणारे आपल्या घाटावर उपरे वाटतात. पातळ फेविकॉलमध्ये बुडवलेल्या टिश्यू पेपरचे धोतर नेसवले, किंवा पोराच्या पाठीला बारीक डबा बांधला, की ते सांगलीचे होतात. आणि घाटावर दहा-बारा माणसे दाटीने मांडण्यापेक्षा, फक्त पाठ आणि शिंगे पाण्याबाहेर असलेल्या दोन म्हशी पुरे होतात; त्यांचे पाय कापायची चूकही होत नाही, कारण त्यांना पाय लावावेच लागत नाहीत.